जवळा, कावळे आणि शेजारची अँटेना

आमच्या गावात टीव्ही आला तेव्हा त्याच्याइतकंच कौतुक त्याच्या अँटेनाचं झालं. टीव्ही बघायला संध्याकाळ व्हावी लागे, अँटेना दिवसभर फुकटात बघता येई. शेजारच्या काकांच्या कौलांवर एक जाडजूड बांबू आवळून बांधलेला, त्याच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमच्या आडव्या काड्या, आणि सगळ्याचं तोंड खाडीपलीकडे मुंबईच्या दिशेला. गावातल्या म्हाताऱ्यांनी पहिल्याच दिवशी खालून नीट निरखून सांगितलं, की सोय चांगली आहे. कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. ते आठवड्याभरात कळलं. कावळ्यांची.

आता कावळेच का, हे समजायला आमचं खळं समजलं पाहिजे. आज जुईनगरचं स्टेशन आहे, तिथून खाडीकडे उतरत गेलं की आमचं गाव लागायचं. अर्धं गाव आगऱ्यांचं, भात पिकवणारं. अर्धं आमचं, कोळ्यांचं. काका आगरी, आम्ही कोळी, आणि दोन घरांच्या मध्ये एक खळं. काकांचं भात तिथे झोडलं जायचं. भात घरात गेलं की खळं रिकामं, आणि मग ते माझ्या आईचं. आई ते शेणाने सारवायची आणि त्यावर जवळा वाळत घालायची. जवळा म्हणजे कोलंबीच्याच जातीतली, पण नखाएवढी आणि कसलाही तोरा नसलेली मासळी. वाळली की तिची सुकट होते. ती पाटीत भरून आई दिघ्याला न्यायची. तिथल्या कारखान्यांत काम करणारी, कोकणातून न् मराठवाड्यातून आलेली माणसं चाळींमधून राहायची. त्यांच्या घरी भाकरीबरोबर सुकट लागायचीच, त्यामुळे आईला तिथे मुख्यमंत्र्यापेक्षा जास्त मान होता.

खळ्याचं हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणाला ठाऊक नव्हतं. आईच्या सासूनेही तेच केलं होतं. बदल्यात काकांच्या घरी वर्षाची सुकट जायची, आणि आमच्याकडे नव्या भाताचे तांदूळ यायचे. मग नव्या शहरासाठी जमिनी गेल्या. काकांची खाचरं गेली, पैसे आले, आणि पैशांमधून टीव्ही आला. झोडायला भात उरलं नाही, खळं तेवढं उरलं. आमचे बाबा ज्या खाडीत जाळं लावायचे, तिच्या काठावर भराव पडायला लागला होता. त्याचे पैसे आम्हाला कोणी दिले नाहीत, कारण खाडी आमच्या नावावर नव्हती. पाण्याचा सातबारा निघतो का हो कुठे? हे आठवलं की माझं डोकं आजही फिरतं. तर थोडक्यात, काकांकडे टीव्ही होता आणि आमच्याकडे जवळा होता.

संध्याकाळी ऊन कललं की आई जवळा झाडून गोळा करायची. मागे सांडलेलं टिपायला कावळे आधीच येऊन थांबलेले असत. पूर्वी ते शेवग्यावर बसायचे. पण शेवग्याची फांदी ती, चार कावळे बसले की लवायची. अँटेना मात्र उंच, मोकळी, आणि तिथून थेट खळ्यावर नजर. सगळी आळी तिथे मुक्कामाला आली. अधूनमधून एखादी घार यायची. तिला बघून कावळे असे सरकून जागा देत, जसे शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर आमचे गुरुजी खुर्ची देत.

आणि टीव्हीचीही वेळ नेमकी तीच! शनिवारी मराठी पिच्चर, रविवारी हिंदी पिच्चर, दोन्ही दिवस उतरत्या उन्हात सुरू. काकांच्या ओटीवर अख्खं गाव दाटलेलं. पहिल्या रिळात ताटातूट झालेली मायलेकरं शेवटच्या रिळात समोरासमोर येणार, आई त्याच्या दंडावरची खूण बघणार, तेवढ्यात पडद्यावर मुंग्या. नुसत्या मुंग्या. मग सगळ्या ओटीने एका सुरात ओरडायचं, "कावलाऽऽ!" कोणीतरी बाहेर धावायचं, दगड भिरकावायचा, काकांचं एक कौल फुटायचं, आणि परत येऊन बघावं तर मायलेकरं भेटून, रडून, जेवायलासुद्धा बसलेली.

मी तेव्हा दहावी करून आईच्या हाताखाली लागले होते. पिच्चरचं वेड मला गावात सगळ्यात जास्त. त्यामुळे मी दोन्हीकडची. जवळा आमचा, म्हणून मला ओटीवर शिव्या बसायच्या, आणि पिच्चर बुडाला म्हणून त्या शिव्या मला पटायच्यासुद्धा.

काकांनी उपाय कमी केले नाहीत. आधी अँटेनाच्या बांबूला डबे बांधले. कावळ्यांना आवाजाची सवय व्हायला दोन दिवस लागले, आम्हाला ती कधीच झाली नाही. मग आपलाच जुना शर्ट घालून कौलांवर बुजगावणं उभं केलं. कावळे त्याच्या खांद्यावर बसू लागले. काकी मात्र एकदा अंगणातून त्याच्यावरच ओरडल्या, "उतरा खाली, पडाल! वय काय तुमचं!" शेवटी कोणीतरी सुचवलं म्हणून एक मेलेला कावळा आणून टांगला. झालं! पंचक्रोशीतले सगळे कावळे मयताला आले. त्या रविवारी पिच्चर सोडाच, शेजारी बसलेल्याचं बोलणंही कोणाला ऐकू आलं नाही.

मग काका आमच्या दारात आले. "वयनी, तुमचा जवला सुकतो न् माजा पिच्चर मरतो! याचं काय करायचं?"

"मी काय कावल्यांना आवतान धाडलं काय, भावजी?" आई सुपात सुकट पाखडत म्हणाली. "न् भादव्यान बरे गोड वाटतात कावले. सगलं गाव पितरांना घास ठेवून ये ये करीत घसा सुकवतो, न् तुमच्या पानाला कावला लगेच शिवतो. तवा नाय आलात तक्रार घेऊन."

काकांनी थेट निर्णयच सांगून टाकला. खळ्यावर सिमेंटचा कोबा करायचा. तिथे खुर्च्या मांडायच्या, टीव्ही खिडकीत ठेवायचा, सगळ्या गावाने मोकळ्या हवेत बघायचा. जवळा तुम्ही दुसरीकडे कुठेही सुकवा. आता दुसरीकडे म्हणजे कुठे? गावठाणात घराला घर चिकटलेलं, आणि खाडीकडची मोकळी जागा भरावाखाली गेलेली. खळं गेलं की जवळा गेला, जवळा गेला की आईचा धंदा गेला. हे काकांना कळत होतं. पण गाव त्यांच्या बाजूने होतं. मायलेकरांची भेट चुकलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. चारच दिवसांत खळ्याच्या कडेला रेतीचा ढीग येऊन पडला. आई त्या दिवशी जेवली नाही. आई जेवली नाही, असं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात, काही कारण नसताना, टीव्हीवालेच गावात आले.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला म्हणतात, ते हेच. सरकारी टीव्हीवर संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा. त्यात कधीतरी मच्छीमारांचीही वर्णी लागे. या वेळचा विषय होता, खाडीतल्या मासेमारीचं भवितव्य. जीपमधून एक चुणचुणीत बाई उतरल्या, सोबत कॅमेरावाला आणि वायरींची भेंडोळी सांभाळणारा एक माणूस. बाबा खाडीवर गेलेले. बाईंना आधी होडी हवी होती, पण ओहोटी होती आणि होडी चिखलात बसलेली. मग त्यांची नजर खळ्यावर गेली. गुलाबी जवळा पसरलेला, मध्ये लुगड्याचा काष्टा मारलेली आई, वर अँटेनावर कावळ्यांची रांग. बाई म्हणाल्या, "वा! हेच घ्या."

आईच्या तोंडासमोर माइक आला. बाईंनी विचारलं, "मावशी, या खाडीतल्या मासेमारीचं पुढे काय होणार, तुम्हाला काय वाटतं?"

आई जराही बावरली नाही. दिघ्याच्या बायकांशी रोज घासाघीस करणाऱ्या माणसाला माइक म्हणजे काय! ती म्हणाली, "खाडीन मासली हाय तवर आमी हाव. तुमी खाडी बुजवलीत, तं मासली नाय, न् आमी पन नाय. यान वाटायचं काय हाय?" एवढं बोलून ती रेतीच्या ढिगाकडे बघू लागली.

बाई हुशार होत्या. त्यांनी ढिगाकडे बघितलं आणि विचारलं, "ही जागा कोणाची?"

एव्हाना काका तिथे आलेले होतेच. नुसते आलेले नव्हते, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून आले होते. इतका वेळ ते कॅमेऱ्याच्या अवतीभवती असे फिरत होते की त्यांचा निदान एक कान तरी नक्की टीव्हीवर आला असता. आपल्याला कोणी विचारेल याची वाट बघून ते दमले होते. प्रश्न आला मात्र, ते एकदम आईच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"जागा आमची आहे," ते बातम्यांच्या मराठीत म्हणाले.

"म्हणजे तुम्ही ती यांना मासळी सुकवायला दिलीत? एवढ्या जमिनीला भाव आलेला असताना?"

काकांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय काय होऊन गेलं, ते मी अगदी जवळून पाहिलं. खरं सांगावं तर आपण टीव्हीवर वाईट दिसणार, खोटं बोलावं तर गावासमोर पकडले जाणार. पण समोर कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्यासमोर वाईट दिसायला कोण तयार असतं? त्यांनी घसा साफ केला. "होय. पूर्वीपासून दिलेली आहे. आणि मी जिवंत आहे तोपर्यंत ती यांच्याकडेच राहणार आहे. हा माझा शब्द आहे."

"आणि ही रेती?"

"ती... ती आमच्या न्हाणीघरासाठी आणली आहे."

दारात उभ्या असलेल्या काकींचे डोळे चमकले. पक्क्या न्हाणीघरासाठी त्या लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या.

जीप गेली आणि काकांच्या ध्यानात आलं की आपण काय बोलून बसलो. पण ते कच्चे नव्हते. संध्याकाळी ओटीवर त्यांनी जाहीर केलं, "टीव्हीवाले बोललेलं सगलं दाखवत नाईत. कापतात. माजं कापलं, तं मी बोललोच नाय असं समजायचं. टीव्हीवर आलं, तं शब्द म्हंजे शब्द." गावाला हा न्याय पटला. तेव्हा टीव्हीवर आलेली गोष्ट खरी, हे सगळ्यांना मान्यच होतं. आता खळ्याचा निकाल टीव्ही लावणार होता. रेती तशीच पडून राहिली. आई रोज जवळा घालताना तिच्याकडे डोळे वटारून बघायची.

कार्यक्रम कधी लागणार, ते आदल्या दिवशी टीव्हीवरच सांगितलं. नेमकी त्या दिवशी मोठी भरती होती आणि बाबांच्या जाळ्यात रग्गड जवळा आला. इतका, की खळं भरून आमच्या दारातही पसरावा लागला. जवळ्याला उद्या ये म्हणता येत नाही. उन्हात पडला नाही तर संध्याकाळपर्यंत कुजतो. आणि एवढा जवळा म्हणजे कावळ्यांचं लग्नकार्यच. त्या संध्याकाळी अँटेनावर बसायला जागा पुरेना, म्हणून काही जण बुजगावण्याच्या डोक्यावर बसले.

ओटीवर आईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. ती नवं लुगडं नेसली होती, केसांत अबोलीचा वळेसर माळला होता. आपण टीव्हीवर दिसणार म्हणून टीव्हीसमोर नटून बसायचं, यात काही चुकतंय असं कोणालाही वाटलं नाही. कार्यक्रम सुरू झाला. खाडी दिसली. चिखलात बसलेली आमची होडी दिसली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग खळ्याचा एक कोपरा दिसला, आणि मुंग्या.

"कावलाऽऽ!"

काका जागचे हलले नाहीत. उलट मांडी घालून जरा ऐसपैस बसले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मला त्यांचं तेल लावलेलं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. मी उठले. तर आईने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं. "तू बस. तुजी नजर चांगली हाय. तू बग न् मना सांग."

"अगं पण तू येणारेस आता!"

"म्हनून तं जाते," आई म्हणाली आणि बाहेर गेली.

बाबांची होडी रेटायचा लांब बांबू दाराला टेकलेला असे. तो घेऊन ती खळ्यावर उभी राहिली. ओरडली नाही, डबा वाजवला नाही, कारण आतल्यांना ऐकू आलं पाहिजे होतं. नुसता बांबू अँटेनाभोवती फिरवत राहिली. चित्र स्थिर झालं.

मी खिडकीजवळ बसले होते. मला दोन्ही आया दिसत होत्या. टीव्हीतली आई सगळ्या गावाला सांगत होती, "खाडीन मासली हाय तवर आमी हाव." आणि खिडकीबाहेरची आई, नव्या लुगड्यात, आमच्याकडे पाठ करून, मान वर करून कावळे हाकत होती. टीव्हीतल्या आईला टाळ्या पडल्या. त्या बाहेरच्या आईला ऐकू गेल्या असतील, पण ती वळली नाही. मला एकाएकी रडू आलं, आणि शेजारची म्हणाली, रडतेस काय, छान दिसते तुजी आई.

मग काका आले. इस्त्रीचा शर्ट, चकाकणारे केस. आणि अख्ख्या गावाने स्वच्छ चित्रात, खणखणीत आवाजात ऐकलं: "मी जिवंत आहे तोपर्यंत ती यांच्याकडेच राहणार आहे. हा माझा शब्द आहे." काकी लगेच म्हणाल्या, "आयकलाव ना सगल्यांनी?" टीव्हीवाल्यांनी न्हाणीघराचं वाक्यसुद्धा कापलं नव्हतं. त्यावर ओटी इतकी हसली की बाईंचा समारोप कोणी नीट ऐकला नाही. मी ऐकला. त्या म्हणाल्या, नव्या योजना येत आहेत, शीतगृहं येतील, मोठ्या बोटी येतील, आणि या किनाऱ्यावरच्या मासेमारीचं भवितव्य उज्ज्वल आहे.

आई आत आली तेव्हा कार्यक्रम संपून पडद्यावर समई-फुलांचं चित्र लागलं होतं.

"जालं?" तिने विचारलं.

"झालं. सगळ्यांनी ऐकलं."

"न् मी कशी दिसत व्हते?"

"काळी-पांढरी," मी म्हणाले. दुसरं काही बोलायला गेले असते तर पुन्हा रडले असते. आई हसली. तो कार्यक्रम पुन्हा कधी लागला नाही. टीव्हीवर ती कशी दिसली, हे गावात फक्त तिलाच ठाऊक नाही.

काकांनी रेतीचं न्हाणीघर बांधलं. काकींनी त्यात पहिली अंघोळ आईला करायला लावली. आणि काकांबद्दल मला काय वाटायचं ते वर सांगितलंच आहे, म्हणून हेही सांगते, की त्या माणसाने शब्द पाळला. पुढे जागांना सोन्याचा भाव आला. बिल्डर त्यांच्या ओटीवर येऊन चहा पिऊन जाऊ लागले, पोरांनी घरात भांडणं केली. काकांचं उत्तर एकच, "टीव्हीवर बोललोय मी." ते असं म्हणत, की जणू टीव्हीवाले अजून वर अँटेनात बसून ऐकतायत.

शब्द दिला नव्हता तो खाडीने. ऐंशीच्या दशकाची निम्मी वर्षं उलटली, तोवर तिच्यात कारखान्यांचं पाणी आलं आणि काठावर शहराचा भराव वाढला. बाबांच्या मासळीला रॉकेलचा वास यायला लागला, दिघ्याच्या बायका पाटीत नाक घालून बघू लागल्या. मग जवळा विरळ झाला, मग नुसता चिखल येऊ लागला. बाबा एका इमारतीच्या कामावर वॉचमन लागले. ती इमारत जिथे उभी राहिली, तिथे त्यांनी आयुष्यभर जाळं लावलं होतं. आई घाऊक बाजारातून लांबची सुकट विकत आणून विकू लागली. खळं मात्र ती दर वर्षी सारवायची. कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, भावजींनी शब्द दिलाय ना, मग आपन पन पालायला नको?

माझं लग्न करंजाड्याला झालं होतं. एकदा माहेरी आले होते. संध्याकाळ होती. काकांकडे आता रंगीत टीव्ही होता, पण घरोघरी टीव्ही आल्यामुळे ओटीवर काका आणि काकी दोघंच. काकांनी खिडकीतून हाक मारली, "वयनी, येवा ना! चित्र बगा कसं हाय, एक मुंगी नाय!"

आई सुकटीची पाटी घेऊन खळ्याच्या कडेला उभी होती. तिने टीव्हीकडे बघितलं नाही. अँटेनाकडे बघितलं. काड्या रिकाम्या होत्या. त्या कधीपासून रिकाम्या होत्या, हे आम्हा दोघींनाही सांगता आलं नसतं.

आईने पाटीत हात घातला आणि मूठभर सुकट सारवलेल्या खळ्यावर भिरकावली. विकत घेतलेला माल असा उधळताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मग आम्ही दोघी पितरांना घास ठेवून बसतात तशा वाट बघत उभ्या राहिलो. बराच वेळ कोणी आलं नाही. शेवटी शेवग्याकडून एकटाच कावळा आला, अँटेनाच्या टोकावर बसला आणि मान वाकडी करून खाली बघू लागला.

आत काकी म्हणाल्या, "अवो, चित्र हललं!"

काका बाहेर आले. त्यांनी वर बघितलं, खळ्यावरची सुकट बघितली, मग आईकडे बघितलं. आमच्या दाराला तो जुना बांबू अजून टेकलेला होता. मला वाटलं, आता घेतात हातात.

"बसू दे त्याला," काका म्हणाले. "बातम्याच लागल्यात."

आईने दुसरी मूठ टाकली.